स्ट्राँग औषध मागण्याआधी

आईबाबांनो, सर्दी-तापाच्या तिसऱ्या दिवशी जो प्रश्न तुमच्या ओठांवर येतो, त्याबद्दल आज सविस्तर बोलायचं आहे. पॅरासिटामॉल दिलं की ताप उतरतो आणि चार-पाच तासांनी पुन्हा चढतो. नाक चोंदलेलं, रात्रभर खोकला, घरात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नाही. शाळेत परीक्षा तोंडावर आलेली, ऑफिसात सुट्टी मिळत नाही, आणि आजी म्हणते, "अगं, छातीत कफ भरलाय, चांगलं औषध मागून घे." मग तुम्ही मला विचारता, "डॉक्टर, आता अँटिबायोटिक सुरू करायचं का? काहीतरी स्ट्राँग द्या ना." काही जण विचारतही नाहीत. मेडिकलमध्ये मागच्या वेळची चिठ्ठी दाखवतात आणि तीच बाटली घरी आणतात.

लहान मुलांची डॉक्टर म्हणून या प्रश्नामागची भीती मला रोज दिसते, आणि ती भीती खोटी नाही. आज साधी सर्दी आहे, उद्या न्यूमोनिया झाला तर? असं होतं. विषाणूचा, म्हणजे व्हायरसचा आजार चालू असताना किंवा तो ओसरताना त्याच्या पाठोपाठ जिवाणू, म्हणजे बॅक्टेरिया फुप्फुसात शिरतात. एका शरीरात दोन आजार होतात. याचा सगळ्यात भयंकर पुरावा आपल्या मुंबईतूनच पुढे गेला आहे.

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापानं आजारी पडले. काही दिवसांत साथ शहरभर झाली. पावसाळा सरताना आलेली दुसरी लाट तर देशभर पसरली आणि एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली. फ्लूचा विषाणू तेव्हा कुणी वेगळा काढलेला नव्हता; माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला १९३३ साली. पुढे २००८ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड मोरेन्स, जेफ्री टाउबेनबर्गर आणि अँथनी फाउची या शास्त्रज्ञांनी त्या साथीत दगावलेल्या ५८ जणांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले आणि त्या काळच्या आठ हजारांहून अधिक शवविच्छेदनांच्या नोंदी वाचून काढल्या. जवळजवळ सगळीकडे जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या. आजारी पाडलं विषाणूनं, पण बहुतेकांचे प्राण घेतले ते मागून आलेल्या जिवाणूंनी. त्या जिवाणूंवर द्यायला १९१८ मध्ये कोणत्याही डॉक्टरच्या हातात काही नव्हतं.

हे घडतं कसं, ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. न्यूमोकोकससारखे जिवाणू मुलांच्या नाका-घशात एरवीही राहत असतात. पाळणाघरात आणि बालवाडीत जाणाऱ्या मुलांत तर सर्रास. ते तिथे आहेत म्हणून मूल आजारी पडत नाही. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर केसांहून बारीक तंतू असतात. वाऱ्यावर डोलणाऱ्या भाताच्या लोंब्यांसारखे ते सतत एका दिशेनं हलतात आणि कफ, धूळ, जंतू सगळं वर घशाकडे ढकलतात. फ्लूचा किंवा आरएसव्हीचा विषाणू नेमका या अस्तरातच वाढतो. पेशी मरतात, तंतू झडतात, खालचा नाजूक थर उघडा पडतो आणि एरवी ढकलून दिले गेले असते ते जिवाणू तिथे चिकटून बसतात. भरीला विषाणूशी लढण्यासाठी शरीर जी रसायनं सोडतं, त्यांच्यामुळे जिवाणूंना गिळणाऱ्या पेशी काही दिवस मंदावतात. म्हणून हा दुसरा आजार सहसा पहिल्या-दुसऱ्या दिवशी येत नाही. मूल जरा सावरतंय असं वाटत असताना, आठवड्याच्या आसपास तो डोकं वर काढतो.

मग तिसऱ्या दिवशीच अँटिबायोटिक दिलं तर पुढचं संकट टळेल, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण तसं टळत नाही, आणि हे मी माझ्या मतावर सांगत नाही. इंग्लंडमध्ये सहा महिने ते बारा वर्षं वयाच्या ४३२ मुलांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. या मुलांना छातीपर्यंत उतरलेला खोकला होता, पण न्यूमोनियाची शंका नव्हती. निम्म्यांना अमॉक्सिसिलिन दिलं, निम्म्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं द्रव. त्रासदायक लक्षणं एका गटात साधारण पाच दिवस टिकली, दुसऱ्यात सहा दिवस, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. ज्या मुलांना ताप होता, ज्यांच्या छातीत घरघर होती, त्यांचीही वेगळी गणती केली. त्यांनाही ठळक फायदा दिसला नाही.

मोठ्यांच्या बाबतीत तर आपण सगळ्यांनी हे स्वतःच्या घरात पाहिलं आहे. कोविडच्या काळात अझिथ्रोमायसिनची पट्टी ज्या घरात आली नाही असं घर सापडणं अवघड. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ मध्ये ६५ देशांतल्या सुमारे साडेचार लाख रुग्णांची माहिती मांडली. कोविडसाठी रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी जिवाणूंचा संसर्ग होऊन ज्यांना अँटिबायोटिकची गरज होती, असे ८ टक्के होते. अँटिबायोटिक दिलं गेलं ते साधारण ७५ टक्क्यांना. आपल्या देशात २०२० च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नेहमीच्या अंदाजापेक्षा प्रौढांच्या अँटिबायोटिकचे २१ कोटींहून अधिक डोस जास्त विकले गेले असावेत, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यात अझिथ्रोमायसिनचे ३ कोटी ८० लाख. आणि अझिथ्रोमायसिननं कोविडच्या रुग्णांना काही फायदा होत नाही, हे ब्रिटनमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीनं २०२१ पर्यंत स्पष्ट केलं होतं.

याची दुसरी बाजू २०२१ मध्येच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं दाखवली. दहा रुग्णालयांतल्या कोविड रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा मागून जिवाणू किंवा बुरशीचा संसर्ग झालेले रुग्ण होते फक्त ३.६ टक्के. पण त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक, ५६.७ टक्के, दगावले. एकूण दाखल रुग्णांत मृत्यूचं प्रमाण १०.६ टक्के होतं. सापडलेले जिवाणू होते क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर, ज्यांच्यावर भारी भारी इंजेक्शनंही अनेकदा चालत नाहीत. दुसरा संसर्ग क्वचित होतो, पण ज्याला होतो त्याच्या बाबतीत औषध लागू पडणं हीच जगण्याची आशा असते. आणि आपण नेमकं ते औषध, ज्यांना गरज नाही अशा प्रत्येकाला देऊन बोथट करत चाललो आहोत.

ही गोष्ट कुठेतरी दूरच्या अतिदक्षता विभागात घडते असं समजू नका. ती तुमच्या मुलाच्या नाकात घडते. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिक दिलं की विषाणूला काहीच होत नाही; नाकातले, घशातले, आतड्यातले जिवाणू मात्र मरतात. जे औषधाला जुमानत नाहीत तेवढे उरतात आणि मोकळी झालेली जागा बळकावतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१० साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. अँटिबायोटिकच्या एका कोर्सनंतर माणसाच्या अंगावर अशा चिवट जिवाणूंचं प्रमाण पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतं आणि त्याचा परिणाम बारा महिन्यांपर्यंत राहू शकतो, असं त्यात दिसलं. म्हणजे ऑगस्टमध्ये उगाच घेतलेलं औषध डिसेंबरात खरा न्यूमोनिया झाला तर कमी पडू शकतं. आणि हे जिवाणू एकट्या मुलापाशी राहत नाहीत. एकाच ताटात जेवणाऱ्या बहिणीकडे, मांडीवर घेणाऱ्या आजोबांकडेही जातात. २०१९ साली जगभरात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यातला दर पाचवा बळी पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा होता.

आता गडचिरोलीबद्दल सांगते, कारण माझ्या मते प्रत्येक आईबापानं ही गोष्ट ऐकली पाहिजे. १९८० च्या दशकाच्या शेवटी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं तिथल्या गावांत मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. जवळ रुग्णालय नाही, एक्स-रे नाही, बालरोगतज्ज्ञ नाही. त्यांनी गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना आणि सुईणींना शिकवलं: मुलाचा श्वास मोजा. जोरानं चालत असेल तर अँटिबायोटिक द्या, नसेल तर देऊ नका. अनेक सुईणींना मोठी संख्या मोजता येत नव्हती. त्यांच्यासाठी बंग दांपत्यानं श्वास मोजायचं एक साधन तयार केलं. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. एका वर्षात या लोकांनी ६१२ मुलांच्या न्यूमोनियावर उपचार केले. त्यातली ०.८ टक्के मुलं दगावली. ज्या शेजारच्या भागात हे काम नव्हतं, तिथे न्यूमोनिया झालेल्या मुलांत मृत्यूचं प्रमाण १३.५ टक्के होतं. १९९० मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं.

त्या सुईणींच्या हातात कोणतं औषध होतं? को-ट्रायमॉक्साझोल. स्वस्त, साधं, तोंडानं द्यायचं. आणि आज? भारतातल्या मुलांमध्ये २०११ ते २०१५ या काळात सापडलेल्या गंभीर न्यूमोकोकस संसर्गांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश जिवाणूंवर को-ट्रायमॉक्साझोलचा भरवसा उरला नव्हता. जे औषध देऊन गडचिरोलीची मुलं वाचली, तेच औषध पंचवीस वर्षांत बहुतांशी हातचं गेलं. त्याच अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक जिवाणू एरिथ्रोमायसिनला दाद देत नव्हते, आणि तुमचं लाडकं 'अझिथ्रो' त्याच कुळातलं आहे. तीन दिवस, दिवसातून एकदाच, चवीला बरं. मागायला आणि लिहून द्यायला सोपं. म्हणूनच ते सगळ्यात जास्त वाया जातं. एक चांगली गोष्टही त्यात होती. पेनिसिलिन त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जिवाणूंवर अजून चालत होतं. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून जे पेनिसिलिन बनू लागलं, त्याच घराण्यातलं अमॉक्सिसिलिन आज मुलांच्या घरी उपचार करता येण्याजोग्या न्यूमोनियावरचं पहिलं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते. सरकारी दवाखान्यातही तेच मिळतं. तेव्हा डॉक्टरांनी न्यूमोनियासाठी साधं अमॉक्सिसिलिन लिहिलं, तर "एवढंच? याच्याहून स्ट्राँग नाही का?" असं कृपा करून म्हणू नका. जिवाणूला लागू पडतं ते औषध पुरेसं स्ट्राँग असतं.

गडचिरोलीतल्या सुईणींना जे जमलं, ते तुम्हाला घरी जमेल. हातात मोबाइल आहे, त्यात टायमर आहे. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, अंगातला कपडा वर करा आणि पोट-छाती वर येऊन खाली जाते तो एक श्वास धरा. पूर्ण साठ सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. ताप चढलेला असेल तर तापानंच श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त लागत असेल, तर तो जोराचा श्वास. मग सकाळची वाट न पाहता डॉक्टरला दाखवा. एकदा मूल बरं असतानाही मोजून पाहा. नेहमीचा श्वास कसा दिसतो हे डोळ्यांत बसलं की बिघडलेला लगेच ओळखू येतो. मोठ्यांच्या बोटाचा ऑक्सिमीटर घरात असला तरी लहानग्याच्या बोटावर तो नीट बसत नाही. त्यावरचा आकडा चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नका.

श्वासाबरोबर बरगड्यांकडे पाहा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला आपण "पोट उडतंय" म्हणतो, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर तो धोका आहे. ओठ निळसर दिसले, बाळानं अंगावर प्यायचं सोडलं, जे दिलं ते सगळं उलटून पडलं, झटका आला, हाक मारूनही मूल मलूल पडून राहिलं, तर थेट रुग्णालय गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी त्याच दिवशी दाखवायचं. तिथे थांबून बघणं नाही.

आणि मघाशी म्हटलं तो दुसऱ्या आजाराचा इशारा लक्षात ठेवा. ताप गेला, मूल खेळायला लागलं, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा कडक ताप आला, खोकला वाढला, धाप लागली. किंवा सर्दी ओसरताना कान ठणकायला लागला. पालकांनी आणलेल्या सगळ्या माहितीत मला याचं मोल सर्वांत जास्त वाटतं. "मध्ये दोन दिवस ताप नव्हता" हे वाक्य तुम्ही सांगितलं नाहीत तर ते तपासणीत दिसत नाही. असं दिसलं की अँटिबायोटिकची गरज पडू शकते, आणि तेव्हा मी ते लिहायला क्षणभरही कचरत नाही. तुम्हीही तेव्हा कचरू नका. हल्ली काही घरांत उलटं दिसतं: "अँटिबायोटिक वाईट असतं" असं कुठेतरी वाचून न्यूमोनिया झालेल्या मुलाला औषध टाळलं जातं. १९१८ ची माणसं ज्याच्यासाठी तडफडली ते औषध आज गावातल्या उपकेंद्रात मिळतं.

ज्यांनी घाबरायचं कारण नाही अशा गोष्टींवर मात्र तुमची फार झोप जाते. शेंबूड हिरवा किंवा पिवळा झाला म्हणजे जिवाणू आले, हा समज किती घट्ट आहे! तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या द्रव्याचा असतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो दिसतो. खोकल्याचंही तसंच. ताप गेल्यावर खोकला दोन आठवडे, कधी तीन आठवडेही चालतो, कारण झडलेले तंतू पुन्हा उगवायला तेवढा वेळ लागतो. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नेहमीचं आहे. एक संपते न संपते तोच दुसरी येते आणि तुम्हाला वाटतं दोन महिने एकच आजार चालू आहे. अशा वेळी नाकात सलाइनचे थेंब, कोमट पाणी, वरणाचं पाणी, अंगावरचं दूध, तापाला वजनानुसार पॅरासिटामॉल एवढं पुरतं. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला रात्री चमचाभर मध द्या. एका वर्षाच्या आत मध अजिबात नाही. खोकल्याच्या बाटल्या आणू नका. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दूषित सिरपमुळे छिंदवाड्याच्या भागातली मुलं दगावली, त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं पुन्हा स्पष्ट केलं: दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याची औषधं द्यायची नाहीत, आणि पाचच्या आतही सहसा नाही. दमा, हृदयाचा जन्मजात दोष किंवा असा दुसरा आजार असलेल्या मुलांना मात्र फ्लूच्या साथीत पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. त्यांच्यासाठी विषाणूविरोधी औषधाचा विचार लवकर करावा लागतो.

दुसरा आजार होऊच नये म्हणून जे खरोखर करता येतं, ते म्हणजे लस. दक्षिण आफ्रिकेत सोवेटो इथे सुमारे ३७ हजार बालकांवर न्यूमोकोकसच्या लशीची चाचणी झाली. लस जिवाणूवरची. पण २००४ मध्ये निकाल आला तेव्हा दिसलं की ज्या न्यूमोनियात विषाणू सापडला होता, त्यासाठी रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाणही ३१ टक्क्यांनी घटलं. म्हणजे "विषाणूचा न्यूमोनिया" म्हणून दाखल झालेल्या कितीतरी मुलांच्या फुप्फुसात न्यूमोकोकसही होता, आणि तोच त्यांना रुग्णालयापर्यंत घेऊन गेला होता. एखादं संशोधन वाचून हुरूप यावा, असं हे आहे. आपल्याकडे ही लस, पीसीव्ही, २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं स्वतः विकसित केलेली न्यूमोसिल २०२० च्या डिसेंबरात आली. पेंटाव्हॅलंटमधला हिब हा घटकही अशाच एका न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूवर आहे. गोवर-रुबेलाचे दोन डोस विसरू नका, कारण गोवराच्या विषाणूमागूनही न्यूमोनिया येतो. फ्लूची लस सरकारी यादीत नाही, पण परवडत असेल तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दरवर्षी घ्यावी, असा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. घरातलं लसीकरणाचं कार्ड आज काढा आणि नऊ महिन्यांच्या रकान्यात पीसीव्हीची नोंद आहे का पाहा. तोच डोस सर्वांत जास्त राहून जातो, असं माझं निरीक्षण आहे.

आणि फ्रिजच्या दारात असलेली अर्धी बाटली काढून टाका. पूड असलेल्या बाटलीत पाणी घातल्यावर ते औषध थोडेच दिवस टिकतं, बहुतेकांचं आठवडाभर. त्यानंतर पुढच्या तापाला, धाकट्या भावाला, शेजारच्या पिंकीला ते चालत नाही. मेडिकलवाल्यालाही अडचणीत टाकू नका. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते ती चिठ्ठीशिवाय घेऊ नये म्हणून. सेफिक्झीमसारख्या औषधांची विक्री तर त्याला २०१४ पासून वेगळ्या वहीत नोंदवावी लागते.

आम्हा डॉक्टरांवरही तुमचं दडपण असतं, हे मोकळेपणानं सांगते. बाहेर तीस पालक बसलेले असतात. "ही विषाणूची सर्दी आहे, औषध नको, उद्या पुन्हा दाखवा" हे समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात आणि अँटिबायोटिक लिहायला अर्धं मिनिट. काही पालक रिकाम्या हातानं पाठवलं म्हणून दुसरीकडे जातात. दोन्ही बाजूंनी हे बदलायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयानं डॉक्टरांना विनंती केली आहे की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी, हे चिठ्ठीवर नमूद करा. तुम्ही ते मागून घ्या. "डॉक्टर, याला जिवाणूंचा संसर्ग कुठे आहे असं तुम्हाला वाटतं? दोन दिवस थांबलो तर चालेल का? थांबताना नेमकं काय बघू?" असं विचारलं म्हणून कुठल्याही चांगल्या डॉक्टरला राग येणार नाही. औषध सुरू झालं तर किती दिवस हेही विचारा, आणि ताप उतरला तरी सांगितलेल्या दिवसांच्या आत स्वतःहून थांबवू नका.

रात्री-अपरात्री फोन करावा लागला तर संकोच नको. फक्त फोन लावण्याआधी ही माहिती हाताशी ठेवा: वय आणि वजन, तापाचा कितवा दिवस, मध्ये ताप गेला होता का, मिनिटाला श्वास किती, बरगड्या आत जातायत का, शेवटचं कधी प्यायलं आणि शेवटची लघवी कधी झाली. एवढं कळलं की सकाळपर्यंत थांबायचं की आत्ताच निघायचं, हे फोनवरूनही ठरवता येतं.